पडद्याच्या मागच्या बाजूला

जितेंद्र डावखुरा आहे, असं मी वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत धरून चाललो होतो. एकटा जितेंद्रच नव्हे, धर्मेंद्र, मदन पुरी, टकलू शेट्टी, सगळेच डावखुरे. पिस्तूल डाव्या हातात, फोन डाव्या कानाला, ठोसा डावा. सिनेमात काम मिळायला डावखुरं असावं लागत असणार, अशी माझी समजूत होती, आणि वर्गातल्या एकुलत्या एक डावखुऱ्या मुलाकडे मी त्यामुळे काही वर्षं उगाचच आदराने बघत होतो.

कारण साधं होतं. हे सगळे सिनेमे मी पडद्याच्या मागच्या बाजूने पाहिले.

कऱ्हाडला आमच्या आळीत गणपतीत एक रात्र पिक्चरची असायची. रस्त्यात दोन बांबू रोवून मधे पांढरं कापड ताणायचं, पंचवीस-तीस पावलांवर टेबल आणि टेबलावर सोळा मिलिमीटरचं मशीन. मशीन एकच. त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे, मशीनवाला शांतपणे विडी पेटवायचा आणि मग दुसरं रीळ चढवायचा. पुढच्या बाजूची जागा दुपारी पाचलाच गेलेली असे. पोरं पोती टाकून ठेवायची, त्या पोत्यांवर दगड, आणि त्या दगडांवरून भांडणं. मागची बाजू उशिरा येणाऱ्यांची, आणि आम्ही नेहमीच उशिरा. आईची झाकपाक व्हायची, दूध विरजायचं, सकाळची भाजी निवडून व्हायची, मग ती पदराला हात पुसत ‘चल’ म्हणायची. तोवर साडेनऊ. आळीतल्या अशा सगळ्या बायका आणि त्यांच्या पदराला धरून आलेली आम्ही पोरं गटाराच्या कडेच्या एका लांबलचक ओट्यावर बसायचो. कापड पातळ असल्यामुळे चित्र आरपार यायचं, जरा फिकं आणि उलटं. मधेच पाऊस आला तर पुढचे लोक ओरडायचे, पण कापड भिजलं की मागून चित्र जास्त स्वच्छ दिसतं हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही डोक्यावर पोतं घेऊन गप बसायचो.

मागून बघितलं की काय काय बदलतं, याची मी पुढे कधीतरी यादीच केली. टायटलं वाचता येत नाहीत, म्हणून सिनेमाचं नाव कुणीतरी सांगायचं. घड्याळं उजव्या मनगटावर येतात. शर्टाच्या गुंड्या बायकांसारख्या लागतात. सगळ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर येतो. आई पहिल्यांदा ते बघून म्हणाली होती, “आरं, ह्या सगळ्या गुजराती हायत काय?” आणि सगळ्यात भारी म्हणजे मोटारी रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, स्टिअरिंग डावीकडे. हिंदी सिनेमावाले त्या काळात परदेश दाखवायला लाखो रुपये उधळत होते. रामानंद सागर १९६८ च्या ‘आँखें’साठी धर्मेंद्र आणि माला सिन्हाला घेऊन बैरूत आणि जपानपर्यंत गेले. आमच्या ओट्यावर मुंबईचीच अमेरिका व्हायची, तीही फुकटात.

आळीच्या पिक्चरला गुप्तहेराचा सिनेमा हमखास असे. आमच्याकडे त्याला ‘शीआयडीचा पिच्चर’ म्हणत. देवाधर्माचा लावला तर तरुण पोरं उठून जात, प्रेमाचा लावला तर म्हातारे कुरकुरत, शीआयडीचा सगळ्यांना चाले. शिवाय या सिनेमांची रिळं जुनी असल्यामुळे स्वस्तात मिळत. मी ‘फर्ज’ पाहिला तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा म्हातारा झाला होता. पडद्यावर पाऊस पडत होता तो सिनेमातला, रिळावरच्या चरांचा की खरा, हे कळत नव्हतं.

‘फर्ज’ १९६७ चा. मूळचा तेलुगू. कृष्णा या नटाचा ‘गूढचारी ११६’ आदल्या वर्षी आंध्रात जोरात चालला होता, आणि त्याच्यामागे अर्थातच ‘डॉ. नो’पासून, म्हणजे १९६२ पासून, जगभर धावत सुटलेला ब्रिटिश साहेब, जेम्स बाँड. लंडनहून निघालेला कोट मद्रासला अल्टर करून मुंबईत घातला तो एजंट ११६ ने. आणि हा एजंट कोण? गिरगावच्या चाळीत वाढलेला रवी कपूर. त्याचे वडील सिनेमावाल्यांना खोटे दागिने पुरवायचे. हे मला फार उशिरा कळलं आणि फार आवडलं. सिनेमाभर ज्या हिऱ्यांमागे लोक एकमेकांचे जीव घेतात, ते हिरे गिरगावातल्या कुणाच्या तरी पिशवीतून स्टुडिओत जात होते आणि संध्याकाळी मोजून परत येत होते.

त्याच सिनेमातलं एक गाणं आज महाराष्ट्रातल्या बहुतेक वाढदिवसांना वाजतं. ‘बार बार दिन ये आए’. केकवर मेणबत्ती लागली की कुणीतरी मोबाइलवर ते लावतंच. रफीच्या आवाजातलं ते गोड गाणं मुळात एक गुप्तहेर भरल्या पार्टीत म्हणतो, आणि ज्या मुलीसाठी म्हणतो तिच्याच घरावर त्याला पाळत ठेवायची आहे, हे त्या केकभोवतीच्या किती जणांना माहीत असेल? मी एकदा भाचीच्या वाढदिवसाला हे सांगायला गेलो. बहिणीने डोळे वटारले.

आता इथे बहिर्जी नाईकांची आठवण येणारच. आपल्याकडे हेर म्हटलं की तेच. फकीर, गोंधळी, कोळी, कुठल्याही वेशात गावात शिरतील आणि गावाला पत्ता लागणार नाही, अशी त्यांची ख्याती. त्यांच्या कामाची खूणच ही की त्यांच्याबद्दल कागदोपत्री फार थोडं सापडतं. आणि दुसरीकडे हे पडद्यावरचे हेर. हॉटेलात शिरले की आधी नाव सांगणार, मग नंबर. अंगात सगळ्यात भडक शर्ट, पायात पांढरे बूट. ‘फर्ज’ने जितेंद्रच्या पायांत घातलेले ते बूट पुढे वीस वर्षं काही निघाले नाहीत. गुप्तहेर या शब्दातलं ‘गुप्त’ या मंडळींनी नदीत सोडून दिलं होतं, आणि मजा तिथेच होती. लपणारा माणूस बघायला कोण पोतं टाकून बसेल?

पण खरं सांगायचं तर मी हेराला बघायला जात नव्हतो. मी अड्डा बघायला जात होतो.

अड्डा म्हणजे खलनायकाचं घर. दगडी भिंत सरकते, आत लांब बोळ, बोळाच्या टोकाला एक हॉल. एका भिंतीवर नुसते दिवे: लाल, हिरवे, पिवळे, कशासाठी ते कुणी विचारू नये. मधे फिरती खुर्ची. खालची फरशी बटण दाबलं की दुभंगते आणि खाली मगरी तरी असतात, नाहीतर ॲसिड. टेबलावर एक, दोन, तीन फोन, त्यातला एक लाल, आणि त्या लाल फोनला डायलच नाही. उचलला की पलीकडे माणूस हजर.

हे आज कुणाला नीट समजावून सांगता येत नाही. आमच्या आळीत तेव्हा एकच फोन होता, वखारीच्या मालकाकडे. फोनसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. मामाचा मुंबईहून ट्रंक कॉल यायचा तेव्हा वखारवाल्याचा पोऱ्या पळत बोलवायला यायचा, आई पळत जायची आणि तीन मिनिटांत “बरं हाय, बरं हाय” एवढंच बोलून परत यायची. अशा वेळी पडद्यावर एक टकला माणूस पांढऱ्या मांजराला कुरवाळत तीन-तीन फोन घेऊन बसलेला आम्ही बघत होतो. त्याच्याकडे थंड हवा होती. भिंतीत टीव्ही होता, आणि त्या टीव्हीवर दूरच्या शहरातला माणूस दिसत होता. दार टाळीवर उघडत होतं. तो देशद्रोही आहे, त्याला कुठल्यातरी ‘दुश्मन मुल्क’कडून पैसे येतात (मुल्काचं नाव कधी घेत नसत, सेन्सॉरची भीती असणार), हे आम्हाला मान्य होतं. पण त्याचं घर आवडत होतं. ओट्यावरच्या एका काकू एकदा लाल फोन बघून म्हणाल्या होत्या, “मेल्याला असला फोन असून भांडणंच का करायची असतात?”

या अड्ड्यांचा शेवट स्फोटात होतो, हेही मला फार उशिरा कळलं. तिसऱ्या रिळाला माझे डोळे मिटायचे. आईच्या मांडीवर डोकं टेकताना मी बजावायचो, “रीळ बदललं की उठव.” ती हो म्हणायची आणि उठवायची नाही. त्यामुळे माझ्या लेखी ते सगळे अड्डे शाबूत होते. आत दिवे लुकलुकतायत, खुर्ची फिरतेय, मगरी भुकेल्या आहेत.

कॉलेजात असताना एका एकांकिका स्पर्धेत आम्ही रहस्यमय एकांकिका बसवली. लेखक आमच्यातलाच, त्यामुळे खलनायकाचा अड्डा आला, आणि अड्डा आला म्हणजे सरकतं दार आलं. प्लायवूडचं दार, वर पडद्याचा रॉड, खाली मेणबत्ती घासून गुळगुळीत केलेली पट्टी, आणि दाराला बांधलेली सुतळी विंगेत माझ्या हातात. खलनायकाने दोनदा टाळी वाजवायची, मी सुतळी ओढायची. तालमीत पन्नास वेळा झालं. स्पर्धेच्या दिवशी त्याने टाळी वाजवली, मी ओढलं आणि सुतळी हातात आली. त्याने पुन्हा टाळी वाजवली. मग पुन्हा. चौथ्या वेळी प्रेक्षकांनीही त्याच्याबरोबर टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शेवटी मी प्लायवूडच्या कडेतून हात बाहेर काढला आणि दार ढकललं. माझा हात, मनगटावरचं घड्याळ, कोपरापर्यंत, अख्ख्या नाट्यगृहाने पाहिला. त्या दिवशी सगळ्यात मोठी टाळी त्या हाताला पडली. नंबर अर्थातच आला नाही.

तेव्हापासून असा कुठलाही सिनेमा बघताना माझं लक्ष दारामागच्या माणसाकडे जातं. पडद्यावर टाळी वाजते, भिंत सरकते, आणि मी मनात म्हणतो, सुतळी पक्की बांधलीस ना बाबा?

त्या माणसांचा शोध घेत गेलं की हे सिनेमे दुसऱ्यांदा आवडायला लागतात. ‘फर्ज’चा दिग्दर्शक रविकांत नगाइच. हा मूळचा कॅमेरामन, तोही साधासुधा नाही, चमत्कारवाला. १९६१ च्या ‘सीताराम कल्याणम्’ या तेलुगू सिनेमात एन. टी. रामाराव रावण झाले होते, त्यांची दहा तोंडं नगाइचने कॅमेऱ्यात जुळवली. संगणक नव्हता. तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे घ्यायची, बाकीचा भाग झाकायचा, नटाचं डोकं बरोबर ठरल्या जागी आणायचं आणि एकेक तोंड चढवत जायचं. एक तोंड केसभर हललं तर सगळी मेहनत पाण्यात. असा माणूस पुढे हेरांच्या सिनेमांकडे वळला आणि तिथेच रमला. १९७९ मध्ये त्याने मिथुन चक्रवर्तीला ‘सुरक्षा’मध्ये गनमास्टर जी-९ केलं. तीनच वर्षांपूर्वीच्या पहिल्याच सिनेमासाठी मिथुनला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पण आमच्या आळीला पुरस्कार माहीत नव्हता, जी-९ माहीत होता. दोन वर्षांनी ‘वारदात’मध्ये नगाइचने जी-९ च्या देशावर टोळधाड सोडली. गुप्तहेर विरुद्ध टोळ! हे सुचायला आणि सुचल्यावर निर्मात्याला सांगायला धाडस लागतं.

उलट्या दिशेने गेले ते रामानंद सागर. ‘आँखें’साठी त्यांना दिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं, आणि १९८७ मध्ये त्यांनी दूरदर्शनवर रामायण आणलं. एक रावणाकडून हेरांकडे गेला, एक हेरांकडून रावणाकडे. मला यात काही विसंगती वाटत नाही. सोन्याच्या लंकेत राहणारा, विमान बाळगणारा, दहा तोंडांचा तो गृहस्थ म्हणजे आपला पहिला अड्डेवालाच की. आणि मारुती वेष पालटून लंकेत शिरला, तिथली बित्तंबातमी घेतली आणि निघताना अड्डा पेटवून आला. ओट्यावरच्या बायकांना या सिनेमांची गोष्ट कधी समजावून सांगावी लागली नाही, ती यामुळेच असावी.

साहेबांकडे पैसा होता, हे खरं. १९६७ च्या बाँडपटात केन ॲडम या कलादिग्दर्शकाने लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत ज्वालामुखीच्या पोटातला अड्डा बांधला. आत रॉकेट, वर हेलिकॉप्टर उतरेल असं सरकतं झाकण. त्या एका सेटला दहा लाख डॉलर्स लागल्याचं सांगतात, म्हणजे पहिल्या अख्ख्या ‘डॉ. नो’ला लागले होते जवळपास तेवढे. मला मात्र ॲडमचं ‘डॉ. नो’मधलं एक काम जास्त आवडतं. १९६१ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतून गोया या चित्रकाराने काढलेलं ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं चित्र चोरीला गेलं होतं. पोलिसांना पत्ता नाही. तर यांनी त्याची नक्कल करून डॉ. नोच्या अड्ड्यात ठेवली, आणि बाँड जाता जाता तिच्याकडे वळून बघतो. म्हणजे चोरी कुणी केली ते कळलं. प्रत्यक्षात १९६५ मध्ये कबुली द्यायला कोण पुढे आला? केम्प्टन बन्टन नावाचा न्यूकॅसलचा वयस्कर, जाडजूड पेन्शनर, एकेकाळचा बस ड्रायव्हर. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना टीव्हीचा परवाना फुकट मिळावा म्हणून त्याची धडपड होती. चित्र त्याने परत केलं होतं, फ्रेम सापडली नाही, म्हणून त्याला शिक्षा झाली ती फक्त फ्रेम चोरल्याची. पडद्यावर समुद्राखालचा अड्डा, आणि इकडे कबुली देणाऱ्याचं गाऱ्हाणं टीव्हीच्या परवान्याचं. आमच्या वखारवाल्याच्या फोनपाशी बसून दोघांचं चांगलं जमलं असतं.

पैसे नसलेल्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त रंगतदार. इटलीत मारिओ बावा होता. वडील शिल्पकार आणि कॅमेरामन, त्यांच्याकडून हातचलाखी शिकला. १९६८ मध्ये त्याला ‘डायबोलिक’ या मुखवटेवाल्या चोराचा सिनेमा मिळाला. निर्माता म्हणत होता खर्च कर, आणि हा चार लाख डॉलर्सच्या आतबाहेर सिनेमा संपवून मोकळा झाला म्हणे. त्यातला गुहेतला अड्डा बघा. भव्य, चकचकीत, आरपार काच. त्यातलं बरंचसं बांधलेलंच नाही. कॅमेऱ्यासमोर काच धरायची, काचेवर छत आणि जिने रंगवायचे, मधे मोकळी जागा ठेवायची आणि त्या मोकळ्या जागेतून दूरवर उभा असलेला नट दिसू द्यायचा. नट चार पावलं जरी इकडे तिकडे सरकला तरी रंगवलेल्या भिंतीत शिरला असता.

‘बी’ सिनेमा हा शब्द आपण आता सरसकट टाकाऊ या अर्थाने वापरतो, पण मुळात ती प्रतवारी नव्हती, हिशेब होता. १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांनी गिऱ्हाईक यावं म्हणून एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठ्या नटांचा, त्याच्या गल्ल्यात कंपनीची टक्केवारी. दुसरा जोडीला, ठरलेल्या भाड्याने. म्हणजे दुसरा सिनेमा कितीही चांगला केला तरी एक पैसा जास्त मिळणार नाही, आणि कितीही वाईट केला तरी कमी मिळणार नाही. अशा कामात माणूस दोनच गोष्टी करू शकतो, पाट्या टाकेल नाहीतर मनात येईल ते करून बघेल. दोन्ही झालं. पुढे जोडसिनेमा गेला पण ती वृत्ती राहिली. रॉजर कॉर्मनने १९६० मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी सेट मोडायच्या आत माणसं खाणाऱ्या झाडाचा एक सिनेमा उरकला, मुख्य चित्रीकरण दोन दिवसांत. आपल्याकडच्या उरलेल्या भाताच्या फोडणीच्या भातासारखंच ते. कधीकधी मूळ भातापेक्षा चांगला होतो.

माझा स्वतःचा जीव मात्र एका वेगळ्याच माणसावर आहे. नील कॉनरी. शॉन कॉनरीचा धाकटा भाऊ, एडिंबरोत गिलाव्याचं काम करायचा. मोठा भाऊ बाँड होऊन जगातला सगळ्यात गाजलेला हेर झाल्यावर इटालियन निर्मात्यांनी याला उचललं आणि १९६७ मध्ये ‘ओके कॉनरी’ काढला. त्यात याचं नावही नील कॉनरीच, आणि धंदा प्लास्टिक सर्जरीचा. हा संमोहनही करतो, तिरंदाजीही करतो. वरिष्ठ साहेब आणि त्यांची सेक्रेटरी म्हणून खऱ्या बाँडपटांतलेच बर्नार्ड ली आणि लॉइस मॅक्सवेल. खलनायकांची फौजसुद्धा तिकडचीच, आदोल्फो चेली, अँथनी डॉसन. संगीताला एन्निओ मोरिकोने. म्हणजे घर तेच, शेजारीपाजारी तेच, फक्त मोठ्या भावाच्या जागी धाकटा. त्यात इंग्रजी आवाज भरायच्या वेळी हा आजारी, म्हणून आवाजही दुसऱ्याचा घातला. बिचाऱ्याचं त्या सिनेमात स्वतःचं असं फक्त नाव आणि शरीर. मी थोरल्या भावाच्या शर्टात आणि थोरल्या भावाच्या पुस्तकांवर शाळा केली आहे. पुस्तकातल्या चित्रांना त्याने आधीच मिशा काढलेल्या असत. नीलला पडद्यावर कोट सावरताना बघितलं की मला तो शर्ट आठवतो, खांद्यात जरा मोठा.

आमच्या सातारा जिल्ह्यालाही या इतिहासात थोडी जागा आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रामसे बंधूंचा पहिला भुताचा सिनेमा, १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’, महाबळेश्वरला झाला. वडील फत्तेचंद कराचीहून आलेले, लॅमिंग्टन रोडवर रेडिओचं दुकान. मुलगे सात. एक लिहिणार, एक कॅमेरा धरणार, एक आवाज, एक संकलन, दोघे दिग्दर्शन. सगळं कुटुंब आणि मोजकी माणसं एका गेस्ट हाऊसात उतरली, सेट बांधायची गरज नाही, धुकं फुकटचं. आपण तिथे स्ट्रॉबेरी-क्रीम खायला जातो.

आता एक कबुली. यातले बहुतेक सिनेमे सलग बघवत नाहीत. मधला एक तास प्रेमात जातो, विनोदी माणूस पडद्यावर आला की हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो, आणि बायकांना ज्या पद्धतीने वागवलंय ते आज बघताना ओशाळायला होतं. हेलनसारखी नर्तिका एवढं जीव तोडून नाचते आणि सहाव्या मिनिटाला तिला गोळी लागते, हेराच्या वाटेत आली म्हणून. मला तेव्हाही ते आवडायचं नाही. पण आजकाल हे सिनेमे बघून खिदळायची जी रीत पडली आहे, ‘किती वाईट, म्हणून किती छान’, त्यातही मला सामील होता येत नाही. दारामागचा माणूस हसण्यासाठी दार ओढत नव्हता. राजश्रीसारख्या सोवळ्या कंपनीने १९७७ मध्ये ‘एजंट विनोद’ काढला, तोही गंभीरपणेच काढला. थट्टा करायची तर निदान सुतळीचा काच हातावर उमटलेला असावा.

सोळाव्या वर्षी मित्राच्या घरी भाड्याच्या व्हीसीआरवर ‘फर्ज’ पुन्हा बघितला. पुढच्या बाजूने, आयुष्यात पहिल्यांदा. जितेंद्रने उजव्या हाताने पिस्तूल काढलं आणि मला एकदम तोतया वाटला तो. मोटारी चुकीच्या बाजूने येत होत्या, आता धडकतील असं वाटून मी दोनदा दचकलो. मित्र विचारत राहिला, काय झालं? काय सांगणार?

मागच्या श्रावणात कऱ्हाडला गेलो होतो. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. गुडघ्यांमुळे आळीतल्या मंडपापर्यंतही जात नाही. पाऊस लागून राहिला होता, वीज मात्र होती. लॅपटॉपवर तो सिनेमा लावला आणि सहज बघावं म्हणून आरशासारखी बाजू उलटवायची सोय वापरली. टायटलं उलटी झाली. मोटारी अमेरिकेत गेल्या.

आई चष्मा पुसून जवळ सरकली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हां, ही गुजरातीण.”

तिला आठवत होतं. पोतं, ओटा, वखारीचा दिवा, काकूंचा लाल फोन. काकू गेल्या त्याला वीस वर्षं झाली, ते तिने मधेच सांगितलं आणि पुन्हा बघायला लागली. जितेंद्रने डाव्या हाताने दार ढकललं. वाढदिवसाचं गाणं आलं, तिने मांडीवर बोटांनी ठेका धरला. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि येऊन बघतो तर तिचे डोळे जड झालेले. पांघरूण नीट करायला वाकलो, तशी ती डोळे न उघडताच पुटपुटली,

“रीळ बदललं की उठव.”